कायपोळ: पिकल्या नेंद्रन केळ्यांचा बिनगव्हाचा मलबारी केक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायपोळबद्दल येणारे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. केळी कुठली, ओव्हन नसेल तर काय, तळाशी पाणी का सुटलं आणि घरात कुणाला गहू चालत नसेल तर हा केक निर्धास्तपणे देता येईल का. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर ६, ८ आणि १० वाचून कामाला लागा. घरात सीलिअ‍ॅकचा (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) रुग्ण असेल तर मात्र २३ वाचल्याशिवाय भांडं गॅसवर चढवू नका.

१. कायपोळ म्हणजे नेमकं काय?

उत्तर केरळातल्या मलबार भागात, कोळिकोड, तलश्शेरी, कण्णूरकडच्या मापिळा मुसलमान घरांत होणारा केळ्यांचा केक. पिकलेली नेंद्रन केळी बारीक चिरून तुपात परततात, साखर-वेलची घालून फेटलेल्या अंड्यांत मिसळतात आणि जाड बुडाच्या भांड्यात, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर सेट होऊ देतात. वर काजू-बेदाणे. पीठ नाही, बेकिंग पावडर नाही. वडी कापली की केळ्याचे सोनेरी तुकडे, त्यांना धरून ठेवणारं मऊ अंडं आणि तळाची तांबूस खरपूस कड, तिन्ही वेगवेगळं दिसतं.

रमजानात रोजा सोडताना तिथल्या ताटात कायपोळ हमखास असतो. नव्या जावयाच्या पाहुणचारातही असतो, आणि मापिळा घरांतला जावयाचा पाहुणचार ही साधी गोष्ट नाही, तिथे पदार्थांची रांग लागते.

२. यात खरंच गहू नाही? मग केक उभा कसा राहतो?

खरंच नाही, आणि कुणी काढून टाकला म्हणून नाही असंही नाही. मुळातच नव्हता. नेहमीच्या केकमध्ये मैद्यातलं ग्लूटेन जाळं तयार करतं आणि अंडं त्याला मदत करतं. इथे सगळा भार अंड्यावर आहे. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे अंड्यातली प्रथिनं घट्ट होऊ लागतात आणि केळ्याचे तुकडे त्यांत अडकून बसतात. नेंद्रन केळ्यात पिकल्यावरही बराच स्टार्च उरतो, त्याचाही आधार मिळतो.

मला हा केक आवडतो तो याचसाठी. गहू बंद झालेल्या माणसाच्या पुढ्यात आपण बहुतेक वेळा कशाची तरी नक्कल ठेवतो: मैद्याऐवजी चार पिठं, ती धरून राहावीत म्हणून गम, आणि वर ‘अगदी खऱ्यासारखा लागतो’ अशी समजूत. कायपोळ कशासारखाच लागत नाही. घरातले सगळे एकाच भांड्यातून खातात आणि कुणासाठी वेगळं काही केलं आहे असं कुणाला वाटत नाही.

३. नेंद्रन केळी कुठे मिळतील?

मुंबईत माटुंगा, चेंबूर आणि जिथे जिथे केरळी वस्ती आहे तिथल्या दुकानांत. पुण्यात आणि इतर शहरांतही केरळी किराणा दुकानं असतात. ओळखीची खूण सांगायची तर खोबरेल तेलात तळलेले जाड पिवळे वेफर्स जिथे विकायला असतात तिथे विचारा, कारण ते वेफर्स कच्च्या नेंद्रनचेच. दुकानदार मल्याळी असेल तर ‘एत्तपळम’ किंवा ‘नेंद्रपळम’ म्हणा, लगेच कळेल. आखाती देशांत राहणाऱ्यांना काहीच अडचण नाही, तिथल्या केरळी दुकानांत ही केळी सर्रास असतात.

फळ लांब, जाड सालीचं, कडा उठून दिसणारं आणि टोकाला निमुळतं असतं. हिरवीच मिळाली तर घेऊन या, घरी पिकतात (प्रश्न ७).

४. वसईची राजेळी चालतील का?

उत्तम चालतील. राजेळी ही नेंद्रनच्याच जातकुळीतली: जाड, पिठूळ, शिजवल्यावर तुकडा न मोडणारी. ज्या केळ्याची सुकेळी होतात, त्यात पाणी कमी आणि गर घट्ट असणार हे उघड आहे, आणि कायपोळला हवं ते तेच. कोकणात कुठे राजेळी मिळत असतील तर मुंबईहून नेंद्रन मागवायचा खटाटोप करू नका. गोव्यात मोयऱ्याची मोठी केळी मिळाली तर तीही घ्या, फक्त परतताना थोडा जास्त वेळ द्या.

५. घरात नेहमीची, जळगावकडची केळी आहेत. त्यांचा होईल का?

काहीतरी गोड आणि खाण्याजोगं होईल, पण कायपोळ होणार नाही. ही केळी न शिजवता, तशीच खाण्यासाठी आहेत. तुपात पडली की दोन मिनिटांत त्यांचा लगदा होतो आणि अंड्यात पाणी सोडतो. करायचंच असेल तर नुकती पिवळी झालेली, एकही ठिपका न पडलेली, कडक केळी घ्या, मोठे तुकडे करा, मोठ्या आचेवर पटकन परता आणि अंड्यात १ मोठा चमचा तांदळाचं पीठ घाला. (गहू वर्ज्य असणाऱ्यासाठी करत असाल तर हे पीठ कुठून आणायचं ते २३ मध्ये आहे.) वेलची केळी मात्र नकोत. त्यांची चव न शिजवता खाण्यातच आहे.

६. केळं पुरेसं पिकलंय हे कसं ओळखू?

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. नेहमीचं केळं पिवळं झालं की पिकलं, या सवयीने लोक नेंद्रनही पिवळं दिसताच चिरतात. ते आतून अजून पिठूळ असतं, गोडी अर्धीच असते, आणि मग ‘केक मातकट लागला’ म्हणून निरोप येतो. साल गडद पिवळी होऊन तिच्यावर काळे डाग आणि चट्टे पसरायला हवेत, साधारण अर्धी साल काळी दिसली तरी हरकत नाही. मधोमध हलक्या हाताने दाबलं की बोट जरासं आत जावं, पण खळगा राहू नये. सोलल्यावर गर केशरी झाक असलेला पिवळा दिसतो आणि सुरीला चिकटतो, तरी तुकडा सरळ कापला जातो. पांढुरका गर दिसला तर थांबा.

उलट टोकही असतं. पूर्ण काळं पडलेलं, देठापाशी रस सुटलेलं केळं यात घालू नका. त्याचा हलवा करा.

७. हिरवी आणलीत. लवकर पिकवता येतील का?

तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, किंवा एक पिकलं केळं अथवा सफरचंद सोबत ठेवून कागदी पिशवीचं तोंड बंद करा. पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू कोंडला की बाकीची पिकतात. हवेनुसार चार ते सात दिवस लागतात. फ्रिजमध्ये हिरवं केळं ठेवू नका. गारठ्याने साल काळी पडते, आत पिकणं थांबतं, आणि मग ६ मधली रंगाची खूणही उपयोगाची राहत नाही.

८. प्रमाण सांगा ना.

१८ सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यासाठी, सहा ते आठ जणांना:

नेंद्रन केळी ३ मोठी, सोलून साधारण ४५० ग्रॅम. अंडी ५. साखर ५ मोठे चमचे, म्हणजे ६० ते ७० ग्रॅम. साजूक तूप ३ मोठे चमचे. वेलची ६-७, सोलून ताजी कुटलेली. काजू मूठभर, बेदाणे २ मोठे चमचे, मीठ चिमूटभर.

वजनकाटा असेल तर लक्षात ठेवायचं ते इतकंच: एका अंड्याला ९० ग्रॅम केळं. अंडी वाढवली की ऑम्लेटकडे झुकतो, केळी वाढवली की वडी पडत नाही. मीठ गाळू नका. काही जण १-२ चमचे दूध पावडर घालतात. त्याने चव जराशी खव्याकडे जाते, पण मला ती गरजेची वाटत नाही.

९. केळी परतायलाच हवीत का? तशीच घातली तर?

परतायलाच हवीत, निम्मा कायपोळ तिथेच होतो. केळ्याचे सेंटिमीटरभर तुकडे करा. तूप तापवून आधी काजू आणि मग बेदाणे तळून बाजूला काढा, त्याच तुपात केळी घाला. सुरुवातीला तुकडे सगळं तूप पिऊन टाकतात आणि कढईला चिकटू लागतात. तेव्हा आणखी तूप ओतायचा मोह होतो, तो टाळा. मध्यम आचेवर उलथन्याने हलकेच उलटत राहा. सात-आठ मिनिटांत कडा तांबूस होतात, तुकडे एकमेकांपासून सुटे होतात आणि प्यायलेलं तूप कडेने परत दिसू लागतं. तिथे गॅस बंद करा. या वेळात केळ्यातलं पाणी उडतं आणि साखर खरपूस होते. न परतता घातलेलं केळं तेच पाणी केकमध्ये सोडतं (प्रश्न १५).

१०. ओव्हन नाही. गॅसवर कसा करू?

मूळ पद्धत चुलीवरचीच आहे. पूर्वी भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून वरूनही आच देत. कोकणात धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

परतलेली केळी हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत निवू द्या. गरम घातलीत तर अंडं तिथल्या तिथे फाटतं. अंडी, साखर, वेलची, मीठ साखर विरघळेपर्यंत काट्याने फेटा. मिक्सरमध्ये फिरवू नका, फार फेस होतो. केळी मिसळा. जाड बुडाच्या भांड्याला तळाला आणि कडेला तूप लावा, भांडं किंचित गरम करा आणि मिश्रण ओता. थर साधारण तीन सेंटिमीटरचा असावा. झाकणाला सुती फडकं बांधा, म्हणजे वाफेचं पाणी केकवर पडणार नाही. भांड्याखाली जाड तवा ठेवा आणि गॅस सगळ्यात बारीक करा.

दहा मिनिटांनी वरचा भाग सायीसारखा धरला की काजू-बेदाणे पसरा. आधी पसरलेत तर बुडतात. पुन्हा झाकण. एकूण २५ ते ३० मिनिटं. वरचा भाग फिका राहतो. तो तांबूस हवा असेल तर केक ताटात उलटा काढा आणि तूप लावलेल्या पॅनमध्ये ती बाजू खाली करून दोन मिनिटं ठेवा.

११. ओव्हनमध्ये किती अंशावर?

१७० अंश सेल्सिअस, आधी तापवलेला, मधली जाळी, ३० मिनिटं. पंखा चालू असेल तर १६०. छोट्या ओटीजीमध्ये वरचा रॉड फार जवळ येतो, तिथे वीस मिनिटांनी वर फॉइल टाका. काजू-बेदाणे इथेही दहा मिनिटांनीच. ओव्हनमध्ये रंग सगळीकडून सारखा येतो. तळाची ती खरपूस कड मात्र गॅसवरचीच खरी.

१२. कुकर, इडलीपात्र, एअर फ्रायर, मायक्रोवेव्ह – यांपैकी काय चालेल?

कुकर चालेल: शिट्टी आणि रबर काढा, तळाशी मीठ किंवा जाळी, त्यावर केकचं भांडं, बारीक आचेवर ३५-४० मिनिटं. इडलीपात्रात वाफवून होतो, मऊ होतो, पण रंग आणि कड येत नाही. वर फॉइल झाकायला विसरू नका. एअर फ्रायर १५० अंशांवर, वरून झाकून, २५ मिनिटांनी पाहायचा. मायक्रोवेव्हमध्ये नको, अंडं एका जागी रबरासारखं आणि शेजारी कच्चं राहतं.

१३. झाला हे कसं ओळखायचं?

भांडं हलकंसं हलवा. मधला भाग पाण्यासारखा डुचमळायला नको, एकसंध हलायला हवा. मग मध्यभागी सुरी खुपसा. ती कोरडी ठणठणीत निघणार नाही, केळ्याचा ओलावा लागणारच, पण पिवळं पातळ अंडं लागता कामा नये. थर्मामीटर असेल तर मध्ये ७२-७५ अंश दिसले की काढा. गर्भार बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस खाणार असेल तर अर्धंकच्चं अंडं मुळीच नको.

१४. खाली करपतो आणि मध्ये कच्चा राहतो.

आच जास्त आहे किंवा भांडं पातळ आहे, बहुधा दोन्ही. आपल्याकडच्या गॅसची ‘बारीक’ आचही या केकला मोठी पडते, म्हणून तर तवा लागतो. सर्वांत छोटा बर्नर वापरा. थर चार सेंटिमीटरच्या वर गेला तरी हेच होतं. स्टीलचं एकेरी बुडाचं पातेलं असेल तर त्याचा नाद सोडा आणि ११ किंवा १२ मधला मार्ग धरा.

१५. कापल्यावर तळाशी पाणी सुटलं.

तीन कारणं. अंडं गरजेपेक्षा जास्त तापलं की त्याची प्रथिनं आवळतात आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. हे कारण सर्वांत जास्त वेळा आढळतं आणि उपाय कमी आच हाच. दुसरं, झाकणाचं पाणी (फडकं, प्रश्न १०). तिसरं, केळी नीट न परतणं किंवा चुकीची केळी. पाणी गोड आणि तपकिरी असेल तर केळ्याचं, फिकट असेल तर अंड्याचं किंवा वाफेचं.

१६. छान फुगला होता, काढल्यावर बसला. काय चुकलं?

काहीच नाही. फेटताना अडकलेली हवा आणि वाफ गरम असताना फुगते, थंड झाल्यावर आक्रसते, आणि ती धरून ठेवायला इथे मैद्याचं जाळं नाही. तो थोडा बसणारच.

१७. अंड्याचा वास येतो.

जास्त शिजलेल्या अंड्याला वास येतो, म्हणून आधी आच आणि वेळ तपासा. मग वेलची: बाजारची पूड पुरेशी नसते, दाणे ताजे कुटा. पूर्ण गार झाल्यावर वास पुष्कळ कमी होतो, म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्याला गरम वडी देऊ नका. व्हॅनिला घालणारे आहेत, पण तुपात परतलेल्या केळ्याचा सुगंध व्हॅनिलाखाली दबतो.

१८. केळी सगळी खाली, वर नुसतं अंडं. असं का?

तुकडे मोठे झाले किंवा मिश्रण पातळ राहिलं. परतलेल्या केळ्यांतले चार-पाच चमचे तुकडे चमच्याने कुस्करून अंड्यात मिसळा. मिश्रण दाटसर होतं आणि बाकीचे तुकडे मध्येच तरंगतात. ही युक्ती मी दर वेळीच करते.

१९. साखरेऐवजी गूळ चालेल का? मधुमेह असलेल्यांना देता येईल का?

गूळ चालेल. बारीक किसून, अंड्यात पूर्ण विरघळवून आणि गाळून घ्या. रंग मातकट येतो आणि केक थोडा ओलसर राहतो, चव चांगली लागते. केळी नीट पिकलेली असतील तर साखर २ चमच्यांवर आणली तरी चालते.

पण साखर पूर्ण गाळली म्हणजे हा मधुमेहींचा केक होत नाही. पिकल्या नेंद्रनमध्ये स्वतःची साखर आणि स्टार्च भरपूर आहे. छोटी वडी, जेवणाच्या हिशेबात धरून, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते आधी.

२०. दुधाचे पदार्थ चालत नाहीत. तुपाऐवजी काय?

खोबरेल तेल, खाण्याचं. मलबारच्या चवीला ते परकं नाही. दूध पावडर अर्थातच वगळा. नुसतं लॅक्टोज सोसत नसेल तर बहुतेकांना साजूक तूप चालतं, कारण त्यात लॅक्टोज नाममात्र उरतं. दुधाची ॲलर्जी असेल तर मात्र तूपही नको.

२१. आम्ही अंडं खात नाही. बिनअंड्याचा कायपोळ होईल का? उपवासाला चालेल असा काही प्रकार?

नाही. २ मध्ये सांगितलं तसं, अंडं काढलं की काही उरतच नाही. जवसाची पेस्ट किंवा दही घालून केलेले प्रयोग माझ्या मते केळ्याचा शिरा होतात. त्यापेक्षा बिनअंड्याचे, बिनगव्हाचे असे मुळातच असलेले पदार्थ करा. केरळचं उण्णियप्पम आहे: तांदूळ, गूळ, पिकलं केळं, अप्पेपात्रात तुपावर. आपलं सांदण आहे: तांदळाचा रवा आणि फणसाचा किंवा आंब्याचा रस, वाफवलेलं. दोन्हींत तांदूळ आहे, म्हणून उपवासाला नाहीत. उपवासासाठी नेंद्रन किंवा राजेळी केळी तुपात परतून त्यावर ओलं खोबरं, गूळ, वेलची घाला. एवढं पुरे.

२२. काही कृतींत रवा घातलेला दिसतो. घालू का?

घट्ट वडी पडावी म्हणून काही जण चमचाभर रवा किंवा मैदा घालतात. नुसता रवा म्हटलं की तो गव्हाचाच असतो. तो पडला की केक ग्लूटेनमुक्त राहत नाही, चमचा केवढाही असो. बाहेरून विकत आणलेल्या कायपोळबद्दल म्हणूनच विचारल्याशिवाय खात्री धरू नका. घट्टपणा हवा असेल तर १८ मधली युक्ती करा.

२३. घरात सीलिअ‍ॅकचा रुग्ण आहे. बाकी स्वयंपाक गव्हाचाच होतो. काय काळजी घेऊ?

साहित्यात गहू नसणं आणि ताटात गहू न पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीलिअ‍ॅकमध्ये कणभर ग्लूटेननेही आतड्याचं नुकसान होतं, लगेच त्रास दिसला नाही तरी होतं. आपल्या स्वयंपाकघरात ते कुठून शिरतं ते बघा.

तुपाची बरणी. पोळीला तूप लावलेला चमचा परत त्याच बरणीत जातो आणि पिठी घेऊन जातो. या केकसाठी नवी बरणी उघडा किंवा वेगळं तूप ठेवा.

तवा. प्रश्न १० मध्ये भांड्याखाली ठेवायला सांगितलेला तवा पोळ्यांचाच असेल तर त्याच्या कडेला जळकं पीठ असतं. तो भांड्याला आतून लागत नाही, पण उलथनं आणि हात त्याला लागतात. घासून घ्या, नाहीतर वेगळा ठेवा. आणि केक त्या तव्यावर उलटू नका.

लाकडी उलथनी, ओरखडे पडलेली नॉनस्टिक कढई, चाळण्या: यांच्या फटींतलं पीठ धुऊन जात नाही. स्टीलचं वापरा.

केकचं भांडं. मैदा भुरभुरवायची सवय हाताला असते. इथे नुसतं तूप पुरतं.

तांदळाचं पीठ. गिरणीत आधी गहू दळला असेल तर तुमच्या तांदळात तो येणारच. ५ प्रमाणे पीठ घालायचंच झालं तर तांदूळ धुऊन, वाळवून, घरच्या मिक्सरमध्ये दळा. पिठीसाखरही घरीच करा.

आणि वेळ. कणीक मळून, पोळ्या लाटून झाल्यावर पिठीचा कण हवेत असतो. हा केक आधी करा, झाकून ठेवा, मग पोळ्यांना बसा. जाता जाता एक: पाहुण्यांना केकच्या आधी जेवणही देणार असाल तर फोडणीच्या हिंगाचं वेष्टन वाचा. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो.

२४. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलंय म्हणजे काय?

भारतात एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार तसं लिहायला पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन नसावं लागतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादाही तीच. अंडी, केळी, साखर यांना या शिक्क्याची गरज नाही. दूध पावडर, सुटे मसाले, सुटी पिठं घेताना मात्र वेष्टन पाहा.

२५. दक्षिणेकडचे केळ्याचे बाकी गोड पदार्थही चालतात ना मग?

असं समजू नका. पळमपोरी, म्हणजे नेंद्रनची भजी, मैद्याच्या पिठात बुडवून तळतात. मंगळूर बन्समध्ये केळं आहे आणि मैदाही. मलबारचीच चट्टिपत्तिरी मैद्याच्या पातळ पोळ्यांचे थर रचून करतात, आणि ती कायपोळच्या शेजारीच वाढलेली असते. दोन्हींना एकच सुरी लावू नका. उन्नक्कायमध्ये उकडलेल्या केळ्यात खोबरं भरून तळतात, ते साहित्याने चालतं, पण तळणीचं तेल पळमपोरीचं असेल तर नाही.

२६. किती टिकतो? डब्यात देता येईल का?

अंड्याचा पदार्थ आहे. उन्हाळ्यात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. पूर्ण निवल्यावर हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी वडी जास्त नीट पडते, चवही मुरते. शाळेच्या डब्यात द्यायचा तर फ्रिजमधून थेट, आणि छोट्या सुट्टीसाठी. फ्रीझरमध्ये नको, बर्फ सुटताना पाणी सोडतो. लांबच्या प्रवासाला सुकेळी न्या.

२७. वीस माणसांसाठी करायचा आहे. सगळं तिप्पट करू?

साहित्य तिप्पट, भांडी तीन. एकाच मोठ्या पातेल्यात थर जाड होतो आणि मधला भाग शिजेपर्यंत कडा पाणी सोडतात. ओव्हनच्या मोठ्या ट्रेमध्ये करायचा असेल तर थर तीन सेंटिमीटरच ठेवा, वेळ फारसा बदलत नाही. केळी एकाच वेळी न परतता तीन घाण्यांत परता. कढईत गर्दी झाली की ती परतली न जाता उकडतात.

२८. आम्ही अमेरिकेत आहोत. इथलं प्लँटेन (शिजवून खायचं मोठं केळं) घेऊ का?

घ्या. लॅटिन अमेरिकी, कॅरिबियन किंवा आफ्रिकी दुकानांत मिळतं. बहुधा हिरवं असतं आणि पिकायला नेंद्रनपेक्षा जास्त दिवस घेतं. हे जवळजवळ पूर्ण काळं झाल्यावरच गोड होतं, त्यामुळे ६ मधली ‘अर्धी काळी’ ही खूण इथे तीन चतुर्थांश अशी धरा. गोडी थोडी कमी असते, साखर चमचाभर वाढवा.

२९. ग्लूटेन नाही, दूध नाही. म्हणजे कुठल्याही ॲलर्जीवाल्याला देता येईल?

नाही. तुपात केला असेल तर दुधाची ॲलर्जी असलेल्याला चालत नाहीच (प्रश्न २०). शिवाय अंडं आणि काजू या दोन्हींची ॲलर्जी पुष्कळांना असते. काजू वगळता येतो, तीळ किंवा खोबऱ्याचे काप तुपात परतून घाला. अंडं वगळता येत नाही. केळ्याचीही ॲलर्जी असते, आणि रबरी हातमोजे, फुगे यांतल्या लेटेक्सची ॲलर्जी असलेल्या काहींना केळ्यानेही ओठ-घसा खाजतो. दवाखान्यात काम करणारं कुणी पाहुणं येणार असेल तर हे आधी विचारून ठेवा. आणि वाढताना भांड्याशेजारी एक चिठ्ठी ठेवा: अंडी, केळी, तूप, काजू.